डाव्या बाजूचा पत्रा

अमरावती
९ फेब्रुवारी २०२५

चि. अपेक्षा,

पाकिटावरचं अक्षर पाहून घाबरू नकोस. इकडे सगळे जिवंत आहेत.

फोन करता आला असता. पण आपलं घर तुला माहीत आहे, स्वयंपाकघरात वाटी पडली तर समोरच्या खोलीत कळते. आणि तुझं नाव या घरात मोठ्याने घ्यायची सोय अजून झालेली नाही. तुझं दुसरं लग्न लावून मी अकोल्याहून परत आलो, त्या दिवशी तुझ्या सासूने, लीलाने, हात धुवायला पाणी दिलं, ताट वाढलं, आणि 'कसं झालं' एवढंसुद्धा विचारलं नाही. तेव्हापासून तोच कारभार आहे. म्हणून आज वाचनालयात येऊन बसलो आहे. शेजारी दोन म्हातारे एकाच पेपरावरून भांडत आहेत. पेन हातात घेतला की माझी भाषा शाळेतल्या मास्तरांसारखी होते, त्याला हसू नकोस. तोंडाने बोललो असतो तर 'काहून व, कशी हायेस' असंच विचारलं असतं.

काम मॅटाडोरचं आहे. आपल्या गल्लीत सिमेंटचा रस्ता होतो आहे आणि गाडी हलवावी लागणार आहे. आपला किशोर गेला त्या पावसाळ्यात तिला भिंतीला लागून जशी उभी केली, तशीच ती आजवर उभी होती. मी परवा पहिल्यांदा नीट पाहिली. टपाच्या पन्हाळीत पाणी साचून पत्रा पापडासारखा झाला आहे. ड्रायव्हरच्या पायाखालचा तळ हाताने दाबला, तर हात खाली गेला आणि भोकातून मला गवत दिसलं. चाकांवरच्या कमानी अर्ध्या उरल्या आहेत. समोरच्या रामरावांनी भंगारवाला आणला, चांगल्या मनानेच आणला. त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला लाथ मारून पाहिली. तेवढ्यात लीला दारात येऊन उभी राहिली. तिच्याकडे पाहून तो भंगारवालाच म्हणाला, 'बाद में आता, काका', आणि गेला.

तिचं म्हणणं असं की गाडीला कोणी हात लावायचा नाही. मी म्हटलं, अगं, हात नाही लावला तरी गंज लावूनच राहिला आहे. त्यावर ती आत निघून गेली.

मी ठरवलं आहे की गाडी मुनव्वरच्या गॅरेजात न्यायची. वलगाव रोडवरचा डेंटर मुनव्वर, किशोर ज्याला चाचा म्हणायचा. तुमच्या वरातीत कमरेवर हात ठेवून नाचला होता तो. सडलेला पत्रा कापून नवा लावायचा, रंग द्यायचा, आणि गाडी पुन्हा चालती करायची. चालती करून पुढे काय करायचं, ते मला विचारू नकोस.

गाडी कागदावर माझी आहे. पण शेवटची वर्षं ती तुम्ही दोघांनी चालवली. किशोर स्टेअरिंगवर, आणि तू सहलीचे फोन घेणार, चिखलदऱ्याला जाणाऱ्या बायांसाठी पोळीभाजीचे डबे बांधणार. म्हणून तुला विचारल्याशिवाय मला तिच्यावर कटर चालवता येत नाही. हो म्हण किंवा नाही म्हण. उत्तर घरी पाठवू नकोस. मुनव्वरचा पत्ता खाली दिला आहे. तिथे लीला कधी जात नाही.

उमेशरावांना नमस्कार. त्यांना काय म्हणायचं हे मला अजून सुचलेलं नाही. कन्यादान मी केलं, त्या नात्याने ते माझे जावई आणि मी तुझा बाप. पण तू सून म्हणून आलीस तेव्हापासून तुझ्या तोंडून 'मामाजी' ऐकायची कानाला सवय आहे, ती काही सुटत नाही.

माझी तब्येत ठणठणीत आहे.

तुझे
मामाजी


अमरावती
२३ फेब्रुवारी २०२५

चि. अपेक्षा,

तुझं कार्ड मिळालं. 'मामाजी, जरूर करा.' एवढीच ओळ, पण ती मी खिशात ठेवून दिली.

गाडी नेली. कशी नेली ते ऐक.

भातकुलीहून लीलाच्या भावाचा ट्रॅक्टर मागवला. मुनव्वर दोर घेऊन आला. त्याचे कान आता पार गेले आहेत बरं. जन्मभर पत्रा ठोकला, त्याचं फळ. त्याच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या गल्लीशी बोलणं. आम्ही दोर बांधला, चाकांत हवा भरली, आणि मी मागे जाऊन पाहतो तर लीला मधलं दार उघडून आत बसलेली. ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी, तिच्या नेहमीच्या जागी. नवं लुगडं नेसलेलं, मांडीवर पर्स.

मी म्हटलं, "उतर."

"मी नाई उतरत."

"अवं, गाडी नेऊन राहिलो ना."

"न्या की. मी कुठं नाई म्हणून राहिली?"

मुनव्वरने विचारलं, "क्या बोलती भाभी?" मी ओरडलो, "उतरत नाई म्हणते!" त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "तर बसू द्या ना भाऊ. गाडीत माणूस बसाचाच असते."

असे आम्ही निघालो. पुढे ट्रॅक्टर, मागे ती सडकी गाडी, आत माझी बायको. चौकात लोक थांबून पाहत होते. एका पोलिसाने हात वर केला, मग आत बसलेल्या बाईकडे पाहून खाली घेतला. मी ट्रॅक्टरवरून मागे वळून पाहिलं, तर लीला डोक्यावर पदर घेऊन खिडकीबाहेर अशी पाहत होती, जसं परतवाडा मागे पडलं आहे आणि आता घाट लागणार आहे.

अपेक्षा, मला एकदम पूर्वीचं सगळं आठवलं. तू यायच्या कितीतरी आधीचं. हिवाळ्यात पहाटे सवारी घेऊन निघालो की किशोर हट्ट करून सोबत यायचा. समोर केबिनमध्ये दोन सीटांच्या मधात इंजिनचं झाकण असते ना, त्यावर लीला गोधडीची घडी टाकायची आणि तो तिथे झोपायचा. खालून गरम, वरून आईचा हात. धामणगावच्या फाट्यापर्यंत त्याला जाग यायची नाही. घाट चढताना इंजिनचा आवाज बदलला की मात्र डोळे न उघडता म्हणायचा, "बाबा, दुसरा गिअर." मी त्याला गाडी शिकवली असं लोक म्हणतात. तो झोपेत शिकला.

गॅरेजात पोचल्यावर लीला उतरली. लुगडं झटकलं आणि मुनव्वरच्या कानाशी जाऊन म्हणाली, "कवा होईन?"

"डेढ-दो महिने लागतीन भाभी. काम लई हाय."

"मी रोज येईन. मले विचारल्याबगैर काही कापाचं नाई."

झालं! ज्या पत्त्यावर ती कधी जात नाही म्हणून तुला दिला, तिथे ती आता दिवसभर बसणार. मुनव्वरच्या बायकोने, हलीमाबीने, तिच्यासाठी खुर्चीसुद्धा काढून दिली आहे. माझ्याजवळ दुसरा पत्ता नाही. पोस्टमन दुपारी येतो आणि त्या वेळी लीला घरी जेवायला येते. त्या भरवशावर पाठवायचं तर पाठव.

तुझे
मामाजी


अमरावती
१६ मार्च २०२५

चि. अपेक्षा,

ऊन चढायला लागलं. काम सुरू आहे.

मुनव्वर पत्रा कसा तपासतो ते पाहण्यासारखं आहे. बाकीचे डेंटर हातोडीने ठोकून ऐकतात, चांगला पत्रा खणखणतो आणि सडलेला भदभद वाजतो. याला ऐकू येत नाही, म्हणून हा एका हाताने ठोकतो आणि दुसरा पंजा पत्र्यावर ठेवतो. डोळे मिटतो. जिथे हाताला बरं वाटलं नाही तिथे खडूने रेघ मारतो. पहिल्या दिवशी सगळी गाडी खडूच्या रेघांनी भरली. लीला म्हणाली, "एवढी?" तो म्हणाला, "भाभी, वरून पुट्टी भरून देतो तर आठ दिवसांत गाडी चकाचक. पन दोन पावसाळ्यांत पुन्हा फुगून वर येईन. कापाच लागते."

तिने उठून एका रेघेवर बोट फिरवलं. मग म्हणाली, "काप."

पुढचा-मागचा तळ कापला. कमानी कापल्या. नव्या पत्र्याच्या पट्ट्या मापाने वाकवून वेल्डिंग केल्या, त्यावर लाल प्रायमर मारला. टपावरची पन्हाळ नवी केली. मी पॉलिश पेपर घेऊन घासायचं काम करतो. हाताला फोड आले, पण झोप चांगली लागते. लीला खुर्चीवर बसून सगळं पाहते, आणि एखादा तुकडा खाली पडला की उठून उचलते, उलटासुलटा करते, मग ढिगावर ठेवते. हलीमाबी दुपारची येते. दोघी गवार मोडत बसतात. त्यांचं काय बोलणं चालते ते वेल्डिंगच्या आवाजात मला ऐकू येत नाही.

परवा मधलं दार काढलं. त्याच्या कब्ज्यात, बिजागरीत, एक हिरवी चिंधी अडकलेली होती, तेल पिऊन काळी झालेली. मी हातात घेतली आणि ओळखली. लग्नानंतर तुम्ही दोघं पहिल्यांदा चिखलदऱ्याला गेलात तेव्हा हे दार लागत नव्हतं, आणि तू आपली ओढणी कब्ज्याला बांधून सगळा घाट ते ओढून धरून बसली होतीस. परत आलात तेव्हा तुझे हात लाल झालेले. किशोर हसत होता आणि लीला त्याच्यावर ओरडत होती, 'नव्या पोरीले अशी आणतोस का रे?' मला वाटलं, चिंधी गुपचूप खिशात टाकावी. पण लीलाने ती आधीच पाहिली होती. तिने माझ्या हातातून घेतली, हलीमाबीकडे बघितलं, आणि म्हणाली, "तिची हाय." नाव घेतलं नाही. पण दीड वर्षात पहिल्यांदा 'तिची' म्हणाली. मग ती चिंधी तिने ढिगावर ठेवली नाही. कुठे ठेवली ते मला माहीत नाही.

आता अडलं आहे ते एका जागी. समोरचा डावा पत्रा, दारापुढचा.

तो पोचा तुला ठाऊक आहे. मी तुला गाडी दाखवायच्या आधी पोचा दाखवला होता. पंधरा वर्षांचा किशोर, भातकुलीला मामाच्या खळ्यात मी नको म्हणत असताना स्टेअरिंगवर बसला आणि गोठ्याच्या खांबाला नेऊन घातली. खाली उतरून मला काय म्हणाला? "बाबा, खांब मधात आला." मुनव्वरने किती वेळा म्हटलं, अर्ध्या तासात काढून देतो. मी काढू दिला नाही. प्रत्येक सवारीला सांगायचो, हा पाहा खांब मधात आला होता तो. किशोर मिशी फुटल्यावरही लाजायचा.

तर पोच्याच्या काठाने रंग तडकला होता आणि तिथून पाणी आत गेलं. सगळ्यांत जास्त गंज तिथेच आहे. बाहेरून पोचा जशाचा तसा दिसतो, पण मागे काहीच उरलेलं नाही. मुनव्वर म्हणतो, ह्या पत्र्याच्याच जोरावर दार लटकते, हा बदलल्याशिवाय पुढचं काम होत नाही. लीलाने खुर्ची उचलून त्या बाजूला नेऊन ठेवली आणि म्हणाली, "हे सोडून बाकी काय कराचं ते करा."

बाकी काही उरलेलं नाही. आठ दिवस झाले, मुनव्वर दुसऱ्याच गाड्या ठोकतो आहे आणि आमची गाडी मधात उभी आहे. मी लीलाला समजावणार होतो, पण तिच्याजवळ गेलो की माझंच तोंड बंद होते.

तुझी खुशाली कळव. मोठं पत्र लिही. कार्डावर मन भरत नाही.

तुझे
मामाजी


अमरावती
८ एप्रिल २०२५

चि. सौ. अपेक्षा,

तुझं पत्र पोचलं. पण माझ्या हातात नाही पोचलं.

पोस्टमन त्या दिवशी सकाळीच आला. मी टपावर चढून कॅरिअरच्या पट्ट्या घासत होतो. त्याने पाकीट खुर्चीवरच्या बाईच्या हातात दिलं आणि सायकल वळवून गेला. मी वरून पाहिलं. लीलाने पाकीट उलटं केलं, मागचा पत्ता वाचला. मला वाटलं, आता फाडते. तिने ते पदराखाली धरलं आणि माझी खाली उतरायची वाट पाहिली. उतरलो. मुनव्वर, हलीमाबी, सगळे होते. तिने पाकीट पुढे केलं आणि म्हणाली, "घ्या. तुमच्या सुनेचं."

मी बाजूला जाऊन वाचलं. मग पुन्हा वाचलं. तुझ्या आईला जाऊन किती वर्षं झाली, आणि उमेशरावांच्या आईला दिसत नाही, हे सगळं तू लिहिलंस, आणि मग शेवटी एका ओळीत ती बातमी. 'सांगू की नको असं झालं होतं,' म्हणतेस. अगं वेडे, मला नाही सांगायचं तर कोणाला? मी पत्र घडी करून खिशात ठेवलं आणि नळावर जाऊन तोंड धुतलं. मग मला विचार पडला. हे लेकरू माझं कोण? आपल्या भाषेत सगळ्या नात्यांना शब्द आहेत, चुलत, मावस, आते, मामे. याला काय आहे? मला सापडला नाही. नसो.

लीलाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. तिला काय वाटेल याची मला भीती होती. घरी येताना रिक्षात तिने विचारलं,

"काय म्हणते?"

"बरी हाय."

"बस?"

"बस."

गांधी चौक मागे गेला. मग ती रस्त्याकडे पाहूनच म्हणाली, "कितवा महिना?"

"तुले कोणी सांगतलं?"

"नळावर तोंड धुऊन राहिले होते तुमी. एवढ्या वेळ कोणी तोंड धुते का?"

मी म्हटलं, "पाचवा."

त्यावर तिने बोटांवर महिने मोजले. रात्री जेवली नाही, म्हणजे भूक नाही म्हणाली. सकाळी मी उठलो तर ती तयार होऊन बसली होती. आम्ही गॅरेजात गेलो. तिने आपली खुर्ची डाव्या बाजूवरून उचलली आणि भिंतीकडे नेऊन ठेवली. मुनव्वर पाठमोरा बसून काहीतरी ठोकत होता. त्याला हाक ऐकू येत नाही, म्हणून तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो वळला. तिने पोच्याकडे बोट दाखवलं.

"काटू?" त्याने विचारलं.

तिने मान डोलावली.

अपेक्षा, मी तुला आतापर्यंत असं लिहीत आलो की गाडी लीलाला सोडवत नाही. कटर सुरू झाला आणि मी बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. ती आतच होती. आवाज थांबल्यावर परत आलो, तर पोचा जमिनीवर पडला होता, ताटाएवढा. मुनव्वर त्याच्याकडे पाहत नव्हता. चष्मा पुसत होता. किशोरला मागून लोखंड धरून पुढून हलकी हातोडी कशी मारायची ते त्याने शिकवलं होतं, सुट्टीच्या दिवसांत. हलीमाबीने तुकडा उचलून लीलाला दिला. लीलाने तो हातात घेतला, बोटाने दाबला. बोट आरपार गेलं. "याच्यात काही नाई राह्यलं," ती म्हणाली आणि स्वतः नेऊन भंगाराच्या ढिगावर ठेवून आली. मग दोघींनी चहा घेतला.

संध्याकाळी सगळे हात धुऊन निघाले. मी म्हटलं, पिशवी विसरलो, आणि मागे गेलो. ढिगात हात घालून शोधला. सापडला. पिशवीत घालून वळतो तर लीला दारात.

"सापडला?" म्हणाली.

मी म्हटलं, "काय?"

ती म्हणाली, "पिशवी."

नवा पत्रा बसला आहे. सपाट, सरळ, हात फिरवला तर काहीच लागत नाही. दार आता एका बोटाने लागते. रंग कोणता द्यायचा ते तू सांगितलंस तसंच, खाली हिरवा आणि वर सायीसारखा. किशोरने दिला होता तो नारिंगी नको म्हणालीस, ते एका अर्थी बरं केलंस.

जपून राहा. उमेशरावांना माझा आशीर्वाद. आज तसंच लिहावं वाटलं.

तुझे
मामाजी


अमरावती
२४ एप्रिल, गुरुवार

अपेक्षा,

हे पत्र मी लिहून राहिली, लीलाबाई. सातवी झाली हाय माही. अक्षर वाचाले त्रास झाला तर उमेशले वाचाले देजो.

हे तुले पत्र लिहितात ते मले पहिल्या दिवसापासून माहीत होतं. चष्मा अन् पेन घेऊन भाजी आणाले कोण जाते? मी बोलली नाई. म्हटलं लिहू द्या. घरात दोन माणसं, दोघंही मुकी, एकानं तरी कुठं बोलावं. यांनी तुले लिहिलं असन की तब्येत ठणठणीत. तशी नाई. मागच्या महिन्यात टपावरून खाली येताना पडले. पाय मुरगळला. मुनव्वरभाऊंनं उचलून आणलं. आता बरं हाय. गाडी चालवतात. तो पोच्याचा तुकडा दिवाणाखाली पेपरात गुंडाळून ठेवला हाय. मले दिसत नाई असं त्यायले वाटते. राहू दे.

गाडी परवा घरी आली. सारी गल्ली पाहाले आली. रामराव म्हणे, नवीनच घेतली का. मी आत जाऊन बसली माह्या जागेवर. रंगाचा वास होता. दुसरा कायचाच वास नाई. त्याच्या तेलाचा नाई, घामाचा नाई, त्या डब्यायच्या भाजीचा नाई. तवा मी रडली. आता ह्या गाडीत तो नाई. पहिले होता असं मले वाटे, म्हणून मी कोणाले हात लावू देत नव्हती. गंज पाहून समजलं, तवाही नव्हता. फक्त पाणी मुरत होतं.

तुह्या लग्नाले मी आली नाई. तुले वाटलं असन, बुढीले पोरीचं सुख पाहवत नाई. लोकायलेही तसंच वाटलं. ते कारण नव्हतं. किशोर गेल्यावर आपण दोघी रात्री जेवण झाल्यावर भांडे घासत बसत होतो, तुले आठवते? तू एक सांगे, मी एक सांगे. तो असं म्हणे, तो तसं करे. कवा कवा हसतही होतो. हे तर त्याचं नाव निघालं की उठून बाहेर जातात, आजही. तू गेली अन् भांडे घासाले मी एकली राह्यली. त्याच्याबद्दल बोलाले मले कोणी राह्यलं नाई. मले तुहा राग आला. तू लग्न केलं म्हणून नाई. तू त्याच्या गोष्टी संगं घेऊन गेली म्हणून.

हलीमाबीले मी हे सांगतलं. ती म्हणे, मग जाऊन मागून आण ना.

बुधवारी आखजी हाय, कॅलेंडरात अक्षय तृतीया लिहिते ते. त्याच्या नावाची घागर भराची हाय. पाचवं वर्ष. दरसाल मी पुरणपोळी करतो, त्याले आवडे म्हणून. परवा मनात आलं, खरंच आवडे का माह्या मनाले वाटे? माह्यासमोर खाये. तुह्यासमोर काय मागे? ते मले माहीत नाई. तुले माहीत असन. तसं अजून लई काही असन जे आईले माहीत नसते. ते सांगजो मले. मी बी सांगीन, तू यायच्या आधीचं. तुमच्या पहिल्या भांडणात तो माह्याजवळ येऊन काय बोलला ते मी तुले कवाच सांगतलं नाई.

उमेशसमोर बोलाले जड जात असन तर तो कामावर गेल्यावर सांगजो. तो माणूस चांगला हाय असं हे म्हणतात. चांगलाच असन, नाही तर ह्यायनं तुले देल्ली नसती.

बाळंतपणाचं. तुले आई नाई, त्याच्या आईले दिसत नाई. ते मी करीन. मले कोणी बोलावलं पाहिजे असं नाई. शेवटच्या महिन्यात मी येतो अन् सव्वा महिना राहतो. डिंक मेळघाटातून मागवला हाय. हलीमाबी म्हणे, तिच्या हातचे दोन डबे लाडू द्याचे हायेत, ते वेगळे. लेकराले माह्या मांडीवर देजो, एवढंच. मले आजी म्हणन का काय म्हणन ते त्याले बोलता आल्यावर पाहू.

आमी रविवारी येऊन राहिलो. गाडीनंच. हे चालवतीन, मी मागे बसीन. मूर्तिजापूरले थांबून चहा घेऊ, मंग निंगू. पहिल्या पाठवणीच्या दिवशी तू तिथं रडणं थांबवून कचोरी मागतली होती, सगळे वऱ्हाडी पाहतच राह्यले. आता काय खावं वाटते ते फोन करून सांगजो. फोन मी उचलीन.

तुमची गल्ली लहान हाय म्हणतात हे. गाडी आत नाई आली तर आमी चौकातच उभे राहू अन् हॉर्न देऊ. आवाज तोच हाय, बदलला नाई. ऐकू आला की येजो.

पण धावत नको येजो. सावकाश ये. आमी थांबतो.

आई